सराईच्या मालकिणीला नमस्कार

जपानातल्या कोजिमाहून निघून तास उलटला होता आणि शिमोत्सुईचा समुद्र अजून दिसायचा होता. जुन्या रेल्वेचे रूळ काढून केलेली ती वाट. दोन्ही बाजूंना झाडं, झाडांत रातकिड्यांच्या दिवसा ओरडणाऱ्या भाऊबंदांचा कान किटवणारा कल्लोळ, आणि ऑगस्टची बारा तारीख. बसने पंचवीस मिनिटांत पोचलो असतो. पण माझ्या शेजारच्या काजितानीबाईंचं म्हणणं असं, की बसमध्ये पाय झोपतो आणि आज पाय जागा हवा.

चालत होत्या त्या डोक्यावर भरलेला हंडा असल्यासारख्या. मान ताठ, हनुवटी वर. गळ्याभोवती चार बोटं रुंदीचा काळा पट्टा. शाळेच्या गणवेशाच्या काळ्या कोटाला जी उभी कॉलर असते ना, तिचंच दुहेरी कापड, आत प्लास्टिकची पट्टी घालून त्यांनी स्वतः शिवलेला. तेवढ्यात समोरून ओळखीच्या एक आजी भाजीची गाडी ढकलत आल्या, थांबल्या आणि वाकून नमस्कार केला. काजितानीबाईंना मान वाकवता येईना. त्या कमरेतूनच पेटीच्या झाकणासारख्या खाली गेल्या आणि झाकणासारख्याच वर आल्या.

"मान धरली वाटतं?" आजींनी काळजीने विचारलं.

"हो ना. उशी चुकली."

आजी पुढे गेल्यावर बाईंनी कपाळावरचा घाम टिपला. "बघ सुमन, ओबोन उद्यावर आलाय आणि मी खोटं बोलले. तेही ह्या पट्ट्यापायी."

"मग काढा ना काकू तो."

"काढून कसं चालेल? ती बया समोर आली की मान जातेच खाली."

ती बया म्हणजे एका खेळातली भुताटकीची बाई. शिमोत्सुईच्या बंदराजवळ नाणं टाकून खेळायच्या यंत्रांचं 'त्सुबामे' नावाचं खेळघर आहे. त्याच्या मागच्या कोपऱ्यात वीस-पंचवीस वर्षांचं एक यंत्र होतं. जुन्या, फुगीर काचेच्या पडद्याचं. समोर वायरने बांधलेल्या दोन बंदुका, खाली पायाशी पेडल. पडद्यावर डोंगरातली, गरम पाण्याच्या झऱ्याकाठची एक सराई. आपण तिथले पाहुणे, आणि सराईतले नोकर, स्वयंपाकी, न्हाणीघरातल्या बायका, सगळे कधीच मेलेले. पेडल दाबून धरलं की आपण दाराआडून बाहेर येतो आणि गोळ्या झाडता येतात. पाय उचलला की परत दाराआड, आणि बंदूक आपोआप भरते. असे पाच मजले. पाचव्यावर सराईची मालकीण.

काजितानीबाई तिथे पहिल्यांदा गेल्या त्या निव्वळ गारव्यासाठी. तीन वर्षांपूर्वीचा उन्हाळा, नोकरीतून निवृत्त होऊन महिना झालेला. नवऱ्याला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती, घरात बोलायला कुणी नाही. फिरत फिरत त्या कोपऱ्यात आल्या आणि खाली पेडल दिसलं. "पेडल दिसल्यावर पाय जातोच गं," असं त्या सांगतात, आणि सांगताना अजूनही लाजतात.

कारण अडतीस वर्षं त्यांचा पाय पेडलवरच होता. कोजिमातल्या गणवेशाच्या कारखान्यात त्या शिलाईला होत्या. मुलांचा काळा कोट, आणि त्या कोटाची डावी बाही. उजवी दुसरीकडे, कॉलर तिसरीकडे, काजं-बटणं वरच्या मजल्यावर. कोट पुरा होऊन जायचा तो त्यांना रस्त्यातच दिसायचा, कुणा पोराच्या अंगावर. लहान असताना त्यांच्या लेकीने एकदा विचारलं होतं, आई, हा कोट तू शिवलास? तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, बाही मी शिवली. लेक हिरमुसली. ते त्यांच्या मनातून कधी गेलं नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्या हातून पुरी झाली अशी एक वस्तू दाखवता येत नाही, ही त्यांची सल.

म्हणूनच त्या खेळापायी त्या वेड्या झाल्या. खेळघरातली रीत अशी, की शंभर येनचं एक नाणं टाकायचं आणि त्या एकाच नाण्यात पाचही मजले पार करायचे. मेल्यावर दुसरं नाणं टाकून तिथूनच पुढे जाता येतं, पण तसं संपवलेलं कुणी धरत नाही. त्या यंत्रावर एका नाण्यात शेवट गाठणारा माणूस एकच, ओगुरा. बोटीवरून निवृत्त झालेला, सत्तरीचा, तोंडाने फटकळ. त्यालाही अकरा वर्षांत एकदाच जमलेलं. आणि आता यंत्र जाणार होतं. तसल्या पडद्याचे भाग मिळेनात. ओबोन संपता संपता, सोळा तारखेला गाडी येणार आणि त्या जागी खेळणी उचलायचं यंत्र बसणार.

सोळाला अवकाश होता. पण ओबोन तेरापासून. आपल्या पितृपक्षासारखंच ते, फक्त तीन-चार दिवसांचं. गेलेली माणसं घरी येतात. त्या दिवसांत काजितानीबाई बंदुकीला हात लावत नाहीत. एरवीसुद्धा खेळायला निघताना देव्हाऱ्यासमोर भाताची वाटी ठेवून पूर्वजांना सांगतात, "जरा गोळ्या झाडायला जातेय, मनावर घेऊ नका." पण ओबोनात? "पाहुणे घरात बसलेले आणि मी तिकडे त्यांच्यासारख्यांवर बंदूक रोखू?" मला हे पटतं. मीसुद्धा तसंच केलं असतं.

म्हणजे उरला होता तो एकच दिवस.

खेळघरात शिरलो तसा गार वारा अंगावर आला. मालक कुवादा गल्ल्यामागून उठून उभे राहिले. त्यांनी सकाळीच यंत्राची काच पुसून ठेवली होती. ओगुरा स्टूल ओढून आधीच बसलेला.

"आल्या! आज्जी, गळ्याला काय? मांजराचा पट्टा?"

"तुम्हीच म्हणालात ना मान वाकवू नका म्हणून."

"मी म्हणालो मनाने वाकू नका. तुम्ही तर स्वतःला खुंटीला टांगलंत."

गोष्ट अशी होती. पाचव्या मजल्यावर मालकीण येते ती गुडघ्यांवर बसून. भरजरी किमोनो, मोठा अंबाडा. दार सरकवते आणि अतिशय अदबीने जमिनीपर्यंत वाकून नमस्कार करते. ती वाकलेली असेपर्यंत गोळी अंबाड्यावर आपटून उडून जाते. डोकं वर उचलते तो क्षणभरच तिचा चेहरा उघडा. त्यात साधलं तर साधलं, नाहीतर अंबाड्यातले लांब काटे सरळ आपल्या अंगावर. असे तीन नमस्कार, आणि तिन्ही वेगवेगळ्या लांबीचे. ओगुरा मनात आकडे मोजायचा आणि अकरा वर्षांत एकदाच त्याचे आकडे बरोबर आले. काजितानीबाईंची अडचण निराळीच. कुणी इतक्या रीतीने समोर वाकलं की त्यांची मान आपसूक खाली जायची. भूत असलं म्हणून काय झालं, नमस्काराला नमस्कार नको? मान खाली, नजर जमिनीवर, आणि वर बघेपर्यंत काटे घुसलेले. तीन वर्षांत त्या मालकिणीपर्यंत सव्वीसदा पोचल्या आणि सव्वीसदा वाकल्या. खेळघरातल्या तिघा-चौघा म्हाताऱ्यांची ती करमणूकच झाली होती.

बाईंनी नाणं टाकलं. पट्ट्यात मान ताठ, हात ताठ, आणि बघता बघता पायही ताठ. जिथे डोळे मिटून जायच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच न्हाणीघरातल्या बायकांनी त्यांना संपवलं.

"अरेरे," ओगुरा म्हणाला, "आज तर मालकिणीची भेटही नाही."

बाईंनी बंदूक जागेवर ठेवली. यंत्रापासून मागे सरून भिंतीजवळच्या बाकावर येऊन बसल्या. मी थंड सातूच्या चहाची बाटली पुढे केली, ती तशीच मांडीवर राहिली. त्यांनी गळ्याचा पट्टा सोडला. पर्समधून लहान कात्री काढली आणि त्याची शिवण उसवायला घेतली, रागाने नाही, सवयीने, की शिलाई चुकली तर उसवायची. टाका बारीक होता. तो दिसावा म्हणून त्या खाली वाकल्या, आणि वाकताना त्यांचा उजवा पाय जमिनीवरून चार बोटं वर उचलला गेला.

त्या तशाच थांबल्या. आधी पायाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मान खाली, पाय वर," त्या म्हणाल्या.

"काय काकू?"

"अगं, नव्या पोरीला पहिल्या दिवशी हेच शिकवायचो. सुईजवळ बघायला वाकलीस की आधी पाय काढ पेडलवरून. नाहीतर सुई बोटात. अडतीस वर्षं शिकवलं मी हे. आणि इथे उभ्याने खेळायचं, वाकले की सगळा भार उजव्या पायावर. मान खाली आणि पाय पण खाली! मग काटे नाही बसणार तर काय?"

पट्टा तसाच अर्धा उसवलेला बाकावर टाकून त्या उठल्या. कुवादांकडे जाऊन म्हणाल्या, "एक स्टूल मिळेल का? शिलाईला बसतात तेवढ्या उंचीचं."

कुवादांनी आपलंच स्टूल उचलून आणलं. ओगुराने भुवया वर केल्या. "बसून? बसून कुणी भुतं मारतं का?"

"मी सगळं आयुष्य बसूनच केलंय, ओगुरा-सान," बाई म्हणाल्या आणि नवं नाणं टाकून खेळ पहिल्यापासून सुरू केला.

पहिला मजला. दुसरा. पाय असा चालत होता की बघणाऱ्याने खेळ विसरून पायच बघावा. अर्धा दाब, पूर्ण दाब, टाच हलकेच मागे. तिसऱ्यावरच्या न्हाणीघरातल्या बायका आल्या तशा गेल्या. चौथ्यावर एक जखम झाली, पडद्याच्या कोपऱ्यातल्या तीन दिव्यांतला एक विझला. म्हातारे आपापली यंत्रं सोडून मागे येऊन उभे राहिले. मी मनातल्या मनात रामरक्षा सुरू केली होती. दुसरं मला काय करता येण्यासारखं होतं?

पाचव्या मजल्यावरचं दार सरकलं. मालकीण गुडघ्यांवर बसली आणि वाकली.

"आता वाकणार," कुणीतरी कुजबुजलं.

आणि बाई वाकल्याच. अर्धवट नाही, चोरून नाही, पाहुणीने यजमानिणीला करावा तसा पुरता नमस्कार, बंदूक मांडीवर घेऊन. ओगुराच्या तोंडून "अहो!" निघालं. पण त्याच वेळी पाय पेडलवरून उचललेला होता. पडद्यावर दार मिटलं. श्वास घेत वाकायचं, सोडत थांबायचं, परत घेत उठायचं. इथल्या प्रत्येक मुलीला आई हे लहानपणी पाठीवर हात ठेवून शिकवते. मालकीणही त्याच रीतीने वाकत होती. कुणी घडवली असेल तिला, त्याच्याही आईने शिकवलंच असणार. बाईंनी पडद्याकडे पाहिलंही नाही. श्वास भरून डोकं वर आलं, पाय खाली गेला, दार उघडलं, आणि समोर मालकिणीचा चेहरा नुकताच वर येत होता. सहाच्या सहा गोळ्या.

दुसरा नमस्कार आधीपेक्षा लांब. बाईंचाही तेवढाच लांब. परत सहा.

तिसरा नमस्कार कपाळ चटईला टेकवून केलेला. तो संपेचना. मागे सगळे श्वास रोखून उभे. ओगुरा पुटपुटत आकडे मोजत होता आणि त्याचे आकडे कधीच चुकले होते. बाई खालीच होत्या. इतका वेळ, की मला वाटलं त्यांना घेरी आली. मग त्यांची पाठ हळूच फुगली, श्वास आत गेला, आणि दोघी एकदमच उठल्या.

पहिल्या पाच गोळ्यांनी अंबाडा सुटला. सहाव्या गोळीला मालकिणीने डोळे मिटले.

पडद्यावर सराईच्या खिडक्या एकेक करून उघडल्या, वाफ निघून गेली, डोंगरामागे उजाडलं. मग म्हाताऱ्यांनी टाळ्यांचा असा कडकडाट केला की पुढच्या दाराशी मुलांना घेऊन आलेल्या आया धावत बघायला आल्या. "एका नाण्यात! बसून!" कुवादा प्रत्येकीला सांगत सुटले.

बाई मात्र पडद्यावरून सरकणारी नावं वाचत होत्या, खेळ करणाऱ्यांची, शंभरेक तरी असतील. एकही सोडलं नाही. "बघ," मला म्हणाल्या, "ह्यातल्या एखाद्याने मालकिणीचे नुसते हातच रेखाटले असतील." शेवटी यंत्राने नाव विचारलं. जागा तीनच अक्षरांची. बाईंचं स्वतःचं नाव मित्सुए, त्यांच्या लिपीत मि-त्सु-ए, बरोबर तीन. बंदुकीने एकेक अक्षर टिपून त्यांनी ते पुरं केलं आणि ते ओगुराच्या नावाच्या वर जाऊन बसलं.

ओगुरा स्टूलवरून उठला. टोपी काढली, समोर येऊन उभा राहिला आणि कमरेत वाकला. बाई उठून वाकल्या. तो उठायच्या आत त्या उठल्या नाहीत.

"आज्जी," तो वर येत म्हणाला, "अकरा वर्षं मी तिला नुसता मोजत बसलो."

कुवादांनी गल्ल्यावरची वही पुढे केली. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी चार शब्द लिहायची ती वही. "लिहा, सगळं लिहा, कसं केलंत ते." बाईंनी पेन घेतलं, खूप विचार केला आणि एकच ओळ लिहिली: 'तीन वर्षं जागा अडवली, त्रास दिला, आभारी आहे. काजितानी.'

"एवढंच?" मी म्हटलं.

"आणखी काय लिहू?"

बाहेर बंदरावर ऑक्टोपस दोरीला वाळत टांगले होते आणि समुद्रावर डोळे दिपवणारं ऊन होतं. परत चालतच निघालो. आता त्यांची मान मोकळी होती आणि भेटेल त्याला त्या वाकून नमस्कार करत होत्या, ओळखीच्यांना आणि बिनओळखीच्यांनाही. चेहरा इतका फुललेला की लोक वळून बघत होते. पण कुणी विचारलं, "काजितानी-सान, खुशीत दिसता?" तर म्हणायच्या, "छे, ऊन फार आहे."

वाट झाडांत शिरली तशा त्या थांबल्या आणि माझ्या कोपराला धरलं.

"सुमन, एक काम करशील? लेक उद्या ओबोनला येईल. कारखान्यातल्या बायका आहेत, शेजारी आहेत. मी आपल्या तोंडाने कसं सांगू? फुशारकी दिसते, बरं नाही. तू बाहेरून आलेली, तुला कुणी नावं ठेवणार नाही. तू सांग सगळ्यांना. तुझ्या भाषेतल्या लोकांनासुद्धा सांग. आणि हळू आवाजात नको सांगूस."