मेंढरांच्या कळपातली लाट

साऱ्या जगाला पुढं काय होणार याची काळजी असते. माझ्या एका वर्गमैत्रिणीला मात्र पुढचं मागं कसं पोचतं याचीच. माणदेशातल्या मेंढपाळाच्या घरची ही मुलगी आता दूरच्या एका प्रयोगशाळेत विद्युतभारित कणांच्या झोतांवर काम करते. झोत म्हणजे काय, असं चुकूनही विचारू नये. मी विचारलं, तर तिनं माझ्याच ताटातल्या भाकरीचा चुरा करून दाटीवाटीनं रांगेत मांडला. "हे सगळे एकाच भाराचे, म्हणून एकमेकांना ढकलणारे. पुढचे पुढं पळतात, मागचे मागं रेटले जातात. मधेच कुठं दाट-विरळ झालं की त्याची लाट रांगभर धावते." तोवर कालवण निवलं.

दिवाळीनंतर ती गावी येते ती भावाच्या मेंढरांबरोबर चालायला. पुढची मेंढी थबकली की ते थबकणं कळपातनं मागं कसं सरकतं, हे बघत भर रस्त्यात उभी राहते. एकदा तर हात आडवे करून एसटीच थांबवली. "थांबा, लाट येतीय!" ड्रायव्हर म्हणाला, "आवं बाई, लाटा बघाय कोकणात जावा. आमाला फलटण गाठायचंय."

यंदा मीही बरोबर चालत होतो, आणि कहर झाला. कळपाच्या पुढं तिचा भाऊ आणि मागं वहिनी असते. दोघं आवरून धरतात म्हणून कळप एकत्र राहतो. झोतालाही दोन्ही टोकांना असंच आवरावं लागतं म्हणे. तिनं दोघांनाही बाजूला केलं. "जरा मोकळं सोडून बघू." कळप लांबत गेला आणि पुढची मेंढरं थेट कुणाच्या तरी कोवळ्या हरभऱ्यात. भाऊ ओरडला, "आक्का, तुजं शास्त्र झालं, पर आता शिव्या कुणी खायाच्या?"

त्या तिनं आणि मी खाल्ल्या. मेंढरं हुसकताना ती धापा टाकत हसत होती. आम्ही दोघंही बिनलग्नाची, पन्नाशीला टेकलेली. आईच्या आजारपणाआड दडून मी वर्षानुवर्षं तिला नुसतं "सावकाश जा" म्हणत आलो, याची टोचणी मला आहे. त्या हरभऱ्यात मात्र बोलून गेलो, "इथंच राहा की. तू गेलीस की मला करमत नाही." ती उरलेली मेंढरं हुसकायला वळली.

दुसऱ्या दिवशी सातारच्या स्टँडवर तिनं गाडीची खिडकी सरकवली. "एवढ्या उशिरा विचारलंस. उत्तराला थोडा उशीर झाला तर चालंल न्हवं?"

"चालेल," मी म्हणालो. तेही गाडी हलल्यावर.