शंकरप्पांच्या गाडीची आंघोळ

निजामाच्या राज्यात नळदुर्गला मोटार असलेली माणसं फार नव्हती, आणि जी होती ती मोटारीत बसायची. शंकरप्पा तेवढे मोटार धुवायचे.

गाडी त्यांनी लढाई लागायच्या आधी सोलापूरच्या एका साहेबाकडून जुनी घेतली. काळी, वर कापडी टप, पुढं दोन पितळी दिवे. मग लढाई लागली, पेट्रोल मापात मिळू लागलं आणि गाडी अंगणातच उभी राहिली. पण सोमवार कधी चुकला नाही. सकाळी धोतर खोचून, उघड्या अंगानं ते गाडीसमोर हजर. अडत दुकानावर गडी होते, पण गाडीला हात लावायची कुणाची टाप नव्हती. ‘आपलं जनावर आपुनच धुवावं,’ हा त्यांचा कायदा.

धुवायचेही जनावरासारखंच. आधी तोंड, मग पाठ, मग पोट, शेवटी पाय. शेजारचा फकरुद्दीन सोलापूरच्या रस्त्यावर उतारूंची सर्व्हिस मोटार चालवायचा. तो समजावून थकला, की शेठ, टपापासून खाली या. शंकरप्पा म्हणायचे, “बैल कुनी पाठीपासनं धुतंय व्हय?” मग टपाची घाण धुतलेल्या तोंडावर उतरायची आणि तोंड पुन्हा धुवावं लागायचं. साबणानं रंग जातो म्हणून रिठ्याचं पाणी. दिव्यांना चिंच आणि राख. कातडी गाद्यांना एरंडेल. ते बसणाऱ्याच्या धोतराला लागलं असतं, पण बसणारंच कुणी नव्हतं. शेवटी जुन्या इरकली लुगड्याच्या चिरगुटानं अंग कोरडं करायचं आणि बॉनेटवर भस्माची तीन बोटं ओढायची. हट्टी माणूस, पण खोटं कशाला बोला, त्या गाडीत चेहरा दिसायचा.

एवढं पाणी कुठून यायचं, हे आळीत कुणी विचारलं नाही. पाणी त्यांची बायको शरणम्मा आणायची. परसातला आड खोल. ती दोर ओढायची, घागर भरायची, अंगणात आणून द्यायची आणि परत फिरायची. “आन अजून,” की आणलीच. “गाडी म्या माझ्या हातानं धुतो,” असं शंकरप्पा बाजारात सांगायचे, तेव्हा त्यांना ते अगदी खरं वाटायचं. आमच्याकडच्या पुरुषांना पाणी आपोआप येतं असंच वाटत आलंय.

शरणम्माला त्या गाडीतून एकाच ठिकाणी जायचं होतं, अणदूरला. तिथं तिची आई इरम्मा होती आणि म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. “अव्वाला दिसतंय तवर तिनं बघावं, लेक मोटारीतनं उतरली म्हनून,” एवढंच तिचं मागणं. अणदूर म्हणजे काही काशी नव्हे. न्याहारी करून बैलगाडीत बसलं तरी दुपारची भाकरी तिथं खाता येते.

शंकरप्पांचं उत्तर ठरलेलं: पेट्रोल न्हाय. संक्रांतीला नाही, नागपंचमीला नाही. अणदूरचा खंडोबा वाजतगाजत नळदुर्गला आला, जत्रा झाली, देव परत गेला, तरी पेट्रोल नाहीच.

“देव दरसाल ये-जा करतोय,” शरणम्मा म्हणाली. “तुमची गाडी देवापरीस मोठी हाय का?”

शंकरप्पा हसले. रस्त्याच्या धुळीला ते भितात हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं.

एका सोमवारी गाडीच्या मडगार्डाला बैलगाडीचं वंगण लागलेलं दिसलं. शंकरप्पांनी कोठीतून डबा काढला, त्यात चिंधी बुडवली आणि डाग पुसू लागले. वासानं फकरुद्दीन कुंपणापाशी आला.

“शेठ, पेट्रोलनं पुसताय? आतापत्तुर पुसन्यात घालवलं तेवढ्यात अणदूरला जाऊन च्या पिऊन आलो असतो की!”

मागं शरणम्मा भरली घागर घेऊन उभी होती.

“पेट्रोल हाय व्हय?” तिनं विचारलं.

“डाग दुसऱ्या कशानं जात न्हाय,” शंकरप्पा म्हणाले. माणूस सरळ होता, खोटं सुचलं नाही.

ती घागर तशीच घेऊन घरात गेली. पुढच्या सोमवारी शंकरप्पांनी हाक मारली, “पानी!” आतून उत्तर आलं, “न्हाय.” ज्या सुरात ते पेट्रोल नाही म्हणायचे, अगदी त्याच सुरात. स्वयंपाक झाला, रांजण भरले, पण अंगणात थेंब आला नाही. त्यांना आडावर जाता आलं असतं. पण शेठमाणूस दोर ओढताना आळीला दिसेल, ही लाज गाडीपेक्षा मोठी होती. मग त्यांनी कोरड्याच फडक्यानं गाडी पुसली. धूळ रंगावर घासली आणि बॉनेटभर मांजरानं नखं मारल्यागत ओरखडे उठले. शंकरप्पा त्यांवरून बोट फिरवत राहिले. आमच्या ओट्यावरून त्यांचा तो चेहरा बघून मला हसू आलं, आणि वाईटही वाटलं.

तरी आणखी काही सोमवार त्यांनी नेटानं काढले. शेवटी एका सकाळी ते म्हणाले, “फकरुद्दीनला सांगतो. अणदूरला जाऊ.”

पुढचं फकरुद्दीननं सांगितलेलं. तो चालवत होता, शेजारी शंकरप्पा फडकं घेऊन बसलेले, मागं शरणम्मा नवं लुगडं नेसून. वाटेत धुळीनं गाडी पांढरी झाली. अणदुरात आळी गोळा झाली. इरम्मा चौकट धरून दारात आली.

“अव्वा, बघ, मोटार!”

म्हातारीनं मान फिरवली, ती भलतीकडंच. शरणम्मा जागच्या जागी थिजली. एवढे दिवस पेट्रोल नव्हतं, तेवढ्यात डोळे गेले होते.

तिनं आईचा हात धरून गाडीवर ठेवला. इरम्मानं मडगार्ड चाचपलं, दिवा चाचपला.

“लई गुळगुळीत हाय गं,” ती म्हणाली. मग तिचा हात लेकीच्या तळहातावर आला आणि तिथंच थांबला. अंगठ्यानं तिनं दोराचे घट्टे एकेक करून चाचपले. “अन ह्ये काय? तुझं हात असं नव्हतं, शरणी.”

फकरुद्दीननं उगाच इंजिनाचं झाकण उघडलं. शंकरप्पा दिव्यावरची धूळ पुसत होते, त्यांनी फडकं खाली ठेवलं.

दाराशी जावयाच्या पायांसाठी घागर भरून ठेवली होती, वर तांब्या. शंकरप्पांनी तांब्या बुडवून घेतला आणि बायकोसमोर आले.

“पाय पुढं कर.”

“अवो, लोकं बघत्यात.”

“बघू दे.”

ते वाकले आणि त्यांनी तिच्या पायांवर पाणी घातलं, एका हातानं धूळ चोळून काढत. पाण्याचा आवाज म्हातारीनं ऐकला.

“कोन घालतंय गं पानी?” तिनं विचारलं.

शरणम्मा रडत होती.