मावशींच्या घरची काच

“दिसलं तेवढंच लिहायचं,” हे डॉक्टरीणबाईंचं पालुपद. तीस वर्षं सूक्ष्मदर्शकावर वाकून त्यांची मान कायमची आखडली होती.

त्या संध्याकाळची शेवटची काच होती प्रयोगशाळेत काचा धुणाऱ्या मावशींच्या नवऱ्याची. त्याच्या कानाखालच्या लाळग्रंथीला गाठ आली होती. सुईनं नमुना घेतला, पण काचेवर नुसतं रक्त होतं आणि पेशी चारदोन.

“बाई, साधी गाठ लिहून टाका की! सुई म्हटलं की ते चळाचळा कापतात.”

“साधी असेलही, मावशी. पण मला ती दिसलीच नाही.”

“इतकी वर्षं तुमच्या काचा घासल्या, त्याचे हे पांग फेडलेत!”

बाईंनी डोळे चोळले. अहवालाचे सहा गट ठरलेले होते. ‘साधी गाठ’ लिहिलं तर मावशी हसत घरी जातील, आणि गाठ आत काय करील कुणास ठाऊक. त्यांनी पहिल्याच गटावर खूण केली : नमुना अपुरा, पुन्हा सुई.

“उद्या आणा त्यांना. सुई मी घालते, हात तुम्ही धरा.”

“किती वाजता?” मावशी घुश्शातच म्हणाल्या.

“नऊ.”

बाई पिशवी उचलून, मान चोळत जिना उतरल्या. ओले हात पदराला पुसत मावशी कठड्यावरून बघत राहिल्या.