गुडघ्यातलं इंजेक्शन आणि काखेतली गाठ

“मावशी, काखेतली गाठ कॅन्सरचीच आहे,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

स्तनाचं ऑपरेशन आणि केमो होऊन मी बरी झाले होते. पुन्हा शेवंतीच्या तोडणीला जात होते.

“मध्यंतरी दुसरे काही उपचार घेतले?” मॅडमनी विचारलं.

माझे मालक, म्हणजे नवरा, म्हणाले, “हिचं गुडघं लई दुखत व्हतं. पुण्यात एका दवाखान्यात एक्सोसोमचं इंजेक्शन दिलं. झीज भरून येती म्हनले.”

“आधीच्या आजाराबद्दल त्यांनी विचारलं?”

“न्हाई.”

मॅडमनी समजावलं. एक्सोसोम म्हणजे पेशींनी बाहेर सोडलेल्या अतिसूक्ष्म पिशव्या. मला दिलेले स्टेम सेलचे, म्हणजे नव्या पेशी घडवणाऱ्या मूळ पेशींचे होते. त्यांतून दुसऱ्या पेशींना निरोप जातो, वाढा, नव्या रक्तवाहिन्या करा. अंगात कॅन्सरच्या पेशी लपून असतील, तर त्यांनाही तो निरोप पोचू शकतो.

“प्रयोगांत अशानं काही गाठी वाढल्या, काही दबल्याही. तुमची गाठ त्यानंच आली असं मी म्हणणार नाही. पण त्याचा काहीच संबंध नाही, असंही सांगता येत नाही.”

या शेवटच्या वाक्यानं माझी झोप उडवली.

आजार अंगात कुठवर गेलाय ते दाखवणाऱ्या पेट स्कॅनसाठी बाहेर बसले, तेव्हा मी गुडघा दोन्ही हातांनी आवळून धरला होता. आतलं औषध तिथंच थोपवता येईल, असं वाटत होतं.

परतताना यवतला बसमधून उतरल्यावर मालक म्हणाले, “मीच न्हेलं तुला तिथं.”

“मला चालता यावं म्हणून नेलंत ना?” मी एवढंच बोलले. खरं तर मलाही कुणाला तरी दोष द्यावासा वाटत होता.

स्कॅनमध्ये आजार इतरत्र दिसला नाही. केमो पुन्हा सुरू आहे.

तुम्ही कॅन्सरमधून उठला असाल, तर असं इंजेक्शन घेण्याआधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा. कुणी विचारो न विचारो, आधीचा आजार सांगा.

मालकांनी पाहुण्यांतसुद्धा कॅन्सर हा शब्द कधी उच्चारला नव्हता. परवा आमच्या खुटबावहून यवतला दाढ दाखवायला गेलो. मी खुर्चीत टेकायच्या आत भरल्या दवाखान्यात ते मोठ्यानं म्हणाले, “डॉक्टर, हिला क्यान्सर हाय. आधी त्ये ऐका, मंग हात लावा.”

सगळ्यांनी वळून पाहिलं. मी पदर सावरला आणि तोंड उघडलं.