ताईच्या पायाखालचा ब्रेक

माझी ताई गाडी चालवायला शिकवते, गेली बावीस वर्षं. आमच्याकडे गाडी एकच, पण तिला ब्रेक दोन. एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक शेजारी बसणाऱ्या ताईच्या पायाशी. ताईला सगळ्यात जास्त अभिमान कशाचा असेल, तर तिच्या बाजूच्या ब्रेकचं रबर अजून नवंकोरं आहे याचा. नवीन माणूस आला की आधी त्याला ती वाकून ते रबर बघायला लावते. "झिजलंय का? नाही ना? मग गाडी तुम्ही चालवायची. मी फक्त बसणार." मागच्या सीटवर कुणाचा नवरा नाहीतर आई बसून सूचना द्यायला लागली, तर ती त्यांना सरळ उतरवते. "एका गाडीला चालक एकच. दोघांनी चालवली की खांब ठरलेला."

मी ऑफिस सांभाळते. ऑफिस म्हणजे एक टेबल, एक फोन, वाहतुकीच्या खुणांचा तक्ता आणि मागच्या मैदानाकडे उघडणारी खिडकी. मी ताईहून पाच वर्षांनी धाकटी. मला स्वतःला गाडी येत नाही, यावर लोक हसतात. हसू देत. मला दुसरं काम होतं.

ताईला अकराव्या वर्षी मधुमेह निघाला. मी तेव्हा सहा वर्षांची. आईने माझ्या फ्रॉकच्या खिशात साखरेची पुडी ठेवली आणि सांगितलं, ताईचे हात थरथरायला लागले की ही द्यायची, आणि तिच्यापासून लांब जायचं नाही. पुढे आई गेली, फ्रॉक गेले, पुडी राहिली. ताई मात्र एक्केचाळीस वर्षं बोटं टोचून, इंजेक्शनं घेऊन, घासागणिक मनात आकडेमोड करून स्वतःला सांभाळत आली. त्यामुळे साखरेच्या बाबतीत ती कुणाचं ऐकून घेत नाही. डॉक्टरांचंही नाही.

मागच्या वर्षी चौकात सिग्नल हिरवा झाला आणि ताई काही बोलेचना. साखर पार उतरली होती. शिकणारा माणूस शहाणा, त्याने गाडी कडेला लावून मला फोन केला. मी पुडी घेऊन चपला न घालताच पळाले.

डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. "तुमच्या परवान्यावर माझी सही लागते. अशी मी करणार नाही. आपोआप चालणारा इन्सुलिन पंप लावा, तीन महिन्यांचा साखरेचा आलेख दाखवा, मग बघू. तोवर रस्त्यावर शिकवणं बंद, फक्त मैदानात." म्हणजे आलेख सुधारला नाही, तर ताई कायमची ऑफिसात, माझ्या शेजारच्या खुर्चीवर. आम्हा दोघींनाही ती कल्पना सोसवेना.

पंप कमरेला अडकवायचा, काड्यापेटीहून थोडा मोठा. दंडावर सेन्सर. तो सारखी साखर बघतो आणि पंप त्याप्रमाणे इन्सुलिन कमीजास्त करतो. जेवणाचं तेवढं आपण आधी सांगायचं. हे सगळं शिकवायला दवाखान्यातल्या नर्सबाई आल्या, मैदानात वळणांच्या सरावासाठी मांडलेले शंकू बघून हरखल्या आणि म्हणाल्या, "मला गाडी शिकवाल?" झालं. मंगळवारी चार वाजता एकीने गाडी शिकायची, शुक्रवारी दुसरीने पंप.

नर्सबाईंनी शंकू पाडले, पण महिन्याभरात गाडी हाताशी आली. ताईचा आलेख मात्र डोंगरदऱ्यांचाच राहिला. "भंगार यंत्र आहे," ताई म्हणायची. "यापेक्षा माझी सुई बरी." माझा जीव टांगणीला लागला होता.

सहाव्या शुक्रवारी नर्सबाई ऑफिसात आलेख उघडून बसल्या. एका टेकाडावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "ताई, या मंगळवारी सव्वाचारला तुम्ही काय खाल्लंत?"

"का?"

"तुम्ही पंपाला तीस ग्रॅम कर्बोदकं सांगितलीत. दोन पाव होतात साधारण."

"मग खाल्ले असतील पाव."

"सव्वाचारला तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात. मी गाडी मागे घेत होते. पाव असता तर मीही मागितला असता."

ताईने तक्त्याकडे बघितलं. चोरी पकडली गेली की ती तक्त्याकडेच बघते. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. साखर जरा वर दिसली की बाईसाहेब पंपाला न खाल्लेलं जेवण सांगायच्या, म्हणजे तो लगेच जास्त इन्सुलिन देईल. तो आधीच आपल्या परीने वाढवत असायचा, त्यात हे. मग साखर धाडकन खाली. मग चार चमचे साखर, पुन्हा वर, पुन्हा खोटे पाव. आणि खरं जेवण मात्र डबा धुऊन झाल्यावर सांगायचं, कारण जेवताना हात मोकळे नसतात. मी कपाळाला हात लावला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

नर्सबाई रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "मी वळण घेताना तुम्ही बाजूने स्टिअरिंग ओढलंत तर?"

"खांब," ताई पुटपुटली.

"त्याला चालवू द्या की. तुमचं काम थोडंच आहे. जेवायच्या पंधरा मिनिटं आधी सांगायचं, आणि खरं सांगायचं. साखर उतरली तर पूर्वीएवढी खायची नाही. पंपाने इन्सुलिन आधीच आवरलेलं असतं, त्यामुळे थोडी पुरते. दर तिसऱ्या दिवशी पंपाची नळी बदलायची. बाकी हात मांडीवर."

हात मांडीवर ठेवणं ताईला किती जड गेलं, ते मी खिडकीतून रोज पाहिलं. पंप वाजला की तिची बोटं कमरेकडे जायची आणि अर्ध्यातून परत यायची. सव्वाबाराला मी मैदानाकडे तोंड करून ओरडायचे, "जेवण सांगितलंस का?" आणि ती तिकडून ओरडायची, "सांगितलं, आई." एकदा चिडून म्हणाली, "मला एक धाकटी बहीण पुरेशी होती, आता कमरेला दुसरी." पण त्या दुसरीशी खोटं बोलली नाही. डोंगर हळूहळू बसत गेले.

तीन महिने भरले. डॉक्टरांनी आलेख दोनदा खालीवर केला आणि सही केली. मला वाटलं, ताई आता शेखी मिरवणार. ती दवाखान्याच्या पायऱ्यांवर थांबली.

"काल दुपारी तू पाहुण्यांशी बोलत होतीस ना," ती म्हणाली, "तेव्हा दोन तास मला साखरेची आठवणच आली नाही. अकरा वर्षांची होते, तेव्हापासून असं झालं नव्हतं." आणि तिथेच तिला रडू फुटलं. मलाही. येणारे-जाणारे समजले असतील, निकाल वाईट लागला.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिस उघडलं, तर ताई गाडीत बसून हॉर्न वाजवत होती. डावीकडे, आपल्या रोजच्या जागेवर. चालकाची जागा रिकामी.

"कोण येणार आहे?" मी विचारलं.

"तू."

"माझं वय बघ."

"खिशातली पुडी काढ आणि समोरच्या कप्प्यात ठेव. तिथे माझा हात पोचतो. लागली तर मी घेईन. तुझे हात आता स्टिअरिंगला लागतील."

एक्केचाळीस वर्षांनी माझा खिसा रिकामा झाला. मी बसले, आरसा नीट केला, पट्टा लावला. मला रबर दाखवायला ती विसरली नाही. मग तिने हात मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "चालव."

पहिल्या पाच मिनिटांत मी तीन शंकू पाडले. ताईने ब्रेकला पाय लावला नाही.