फोनच्या तारेवरचा कट्टा

आमच्या कॉम्प्युटर क्लासच्या मुली अजूनही कुठे भेटल्या, बाजारात म्हणा, कोणाच्या लग्नात म्हणा, की पाच मिनिटांत कट्ट्याचा विषय निघतो. एकीचा किस्सा संपायच्या आत दुसरीला दुसरा आठवतो, तिसरी मधेच म्हणते, "अगं, तसं नव्हतंच ते!" आणि पहिला किस्सा तिथेच लटकत राहतो. असे अर्धे सांगितलेले किस्से आता खूप साठलेत. मी अशा वेळी नुसती ऐकते. मला बोलायला जमत नाही, दुसऱ्याच्या बोलण्यात घुसायला तर मुळीच नाही. म्हणून आता दहावीची परीक्षा संपल्यावर लिहून काढतेय. लिहिताना मधे कोणी बोलत नाही!

कट्टा म्हणजे काय, ते आधी सांगते. पेणला आमच्या सरांचा क्लास माडीवर होता आणि खाली त्यांच्या मोठ्या भावाचा गणपतींचा कारखाना. त्या भावाला सगळे दादा म्हणत. क्लासची दुसरी शाखा रोह्याला. मी नववीत असताना सरांनी स्वतः एक प्रोग्राम लिहिला. रोह्याच्या कॉम्प्युटरने पेणच्या कॉम्प्युटरला फोन लावायचा, आणि तिकडची मुलं जे टाइप करतील ते आमच्या पडद्यावर उमटायचं. एकेक अक्षर, काळ्यावर हिरवं. लिहिणारा अडला की अक्षरंही अडायची, खोडलं की मागे जायची. मग आम्ही उत्तर लिहायचं. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. लिहिलेलं सगळं साठून राहायचं. कोणीही कधीही येऊन मागचं वाचावं.

सरांनी त्याला मोठं इंग्रजी नाव दिलं होतं. आम्ही म्हणायचो, कट्टा.

अडचण एकच होती. फोन एकच होता आणि तो दादांचा होता!

*

मोडेम नावाची एक छोटी पेटी फोनला जोडलेली असायची. फोन वाजला की ती स्वतःच उचलायची आणि किंचाळायची. रोह्याच्या कॉम्प्युटरला ती भाषा कळायची. पण एकदा संध्याकाळी मुंबईच्या एका मंडळाने मूर्तीची ऑर्डर द्यायला फोन केला.

थोड्या वेळाने त्यांचा परत फोन आला, तो खाली दादांनीच आधी उचलला आणि जिन्याखालून ओरडले, "अरे, गिऱ्हाईक इचारतंय, तुमच्याकडं फोनवर मांजर बसवलाय काय!"

सर वरून म्हणाले, "दादा, तो मोडेम आहे."

"कोण का असंना! त्याला सांग, गिऱ्हाइकाशी नीट बोल म्हणून!"

*

रोह्याची शैला कट्ट्यावर नवीन आली तेव्हाचा हा किस्सा. तिने पहिलीच ओळ लिहिली ती "बाबांनी वाल दिले" अशी. आता इंग्रजी अक्षरांत 'वाल' आणि 'वळ' सारखेच दिसतात. आमच्या पेणच्या प्रकाशने वाचलं, 'बाबांनी वळ दिले.' प्रकाश म्हणजे आमच्या क्लासमधला सर्वांत बोलका मुलगा. तो एकदम गंभीर झाला. आम्ही सगळ्या त्याच्या खुर्चीमागे गोळा झालो.

त्याने लिहिलं, "खूप दिले का?"

रोह्याहून अक्षरं उमटली, "एक पोतं."

प्रकाशने आमच्याकडे बघितलं. "माराला पोतं म्हणतात काय तिकडे?" मग लिहिलं, "का दिले?"

"दरवर्षी देतात."

एक मुलगी रडवेली झाली. प्रकाशने घाईघाईने लिहिलं, "हळद लाव."

"हळद तर घालतोच. हिंग पण."

तेवढ्यात शैलाने आपण होऊन पुढे लिहिलं, "तुम्हाला पण पाठवू का?"

पुढच्या आठवड्यात सर रोह्याहून पिशवी घेऊन आले, तेव्हा उलगडा झाला. सर्वांत जास्त उसळ प्रकाशने खाल्ली.

*

त्यानंतर सगळ्यांनी ठरवलं की नीट वाचायचं. म्हणूनच पुढचं घडलं! शैलानेच एकदा लिहिलं, "आई गेली. चार दिवस येणार नाही." या वेळी शब्द अगदी स्पष्ट होते. दुसरा अर्थ निघतच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सर, प्रकाश, क्लासमधल्या दोघी मुली आणि मी पॅसेंजरने रोह्याला गेलो. मी नेहमीच बोलत नाही, पण त्या दिवशी प्रकाशही बोलला नाही. तो ओठ हलवत काय म्हणायचं त्याची तयारी करत होता.

दार एका बाईंनी उघडलं. हाताला पीठ लागलेलं. प्रकाशने मान खाली घालून सुरू केलं, "आम्ही पेणहून आलो. शैलाच्या आई गेल्या, ते कळलं..."

"व्हय, गेलेली कासूला, भनीकडं. चार दिस ऱ्हाणार होते, पन करमला नाय, सकालच्या गाडीने आले." मग त्यांनी आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे एकदा नीट बघितलं, आणि दाराला धरून हसत सुटल्या. "अगो शैले, बघ कोण आलेत! माझ्या मयताला आलेत! बसा रे पोरांनू. मी खरीच गेले असते तरी तुमचा चाय करून ठेवूनच गेले असते!"

त्या दिवसापासून कट्टा उघडला की सर्वांत वर सरांची सूचना दिसायची : 'गेले, गेली असे लिहिल्यास कुठे ते लिहावे.'

*

मे महिन्यात कारखान्यात ऑर्डरी वाढल्या आणि दादांचा धीर संपला. ते सरांना म्हणाले, "गणपती तोंडावर आले. ह्या कट्ट्याचा उपयोग काय, ता मला कागदावर लिवून दाखव. नायतर तार काढतो."

सरांनी ठरवलं, कट्ट्याची रीतसर तपासणी करायची. पडदा वाचायला सोपा आहे का, कोण लिहितं, कोण नुसतं वाचतं, विचारलेल्याला उत्तर मिळतं का, सगळं बघायचं. एक मुलगी पेणची, एक रोह्याची. "जे लिहितात ते स्वतःचंच कौतुक करतील," सर म्हणाले. "ज्या कधीच लिहीत नाहीत, पण सगळं वाचतात, त्या दोघींना सांगू."

रोह्याची रेश्मा आणि पेणची मी.

मला ते काम मनापासून करायचं होतं. शाळेत, घरी, नातेवाइकांत, जिथे जाईन तिथे कोणीतरी विचारतं, "ही बोलत का नाही?" कट्ट्यावर मी पाच महिने रोज जाऊन बसले आणि कोणीही ते विचारलं नाही. तार निघाली असती तर अशी जागा मला परत कुठे मिळाली असती, मला माहीत नाही.

*

तपासणीत पहिला सापडला प्रकाश. सरांनी एक गंभीर चर्चा सुरू केली होती, 'संगणक : शाप की वरदान'. तिकडे कोणी फिरकत नव्हतं. अचानक तिथे तीन नवे सभासद आले आणि प्रकाशशी कडकडून भांडायला लागले. सर खूश झाले. मी मागचं सगळं परत वाचलं, तेव्हा दिसलं की प्रकाशला 'पाहिजे' लिहिताना जी चूक होते, तीच त्या तिघांनाही होते!

मी अहवालात लिहिलं, 'सभासद चार, माणूस एक.'

सरांनी प्रकाशला बोलावलं. तो लगेच कबूल झाला. "सर, कट्टा चालू दिसायला पाहिजे ना, म्हणून केलं."

"मग मधे दोन दिवस आला का नाहीस?"

"सर, त्यातल्या एकाने मला फारच लागेल असं लिहिलं होतं."

*

अहवाल पुरा करायला रेश्मा आणि मी नागोठण्याला भेटायचं ठरलं. तिथे तिची मावशी राहायची, आणि दोघींनाही ते सारखंच लांब. आम्ही तोपर्यंत एकमेकींना पाहिलंही नव्हतं. मावशीने दोघींना ओटीवर बसवलं, पाणी दिलं आणि आत गेली.

मी तिच्याकडे बघून हसले. ती माझ्याकडे बघून हसली. मग दोघी अंगणाकडे बघायला लागलो.

बऱ्याच वेळाने मावशी बाहेर आली. "भांडलाव काय गो?"

दोघींनी मान हलवली. मावशी गेल्यावर रेश्माने माझ्यापुढचा कागद ओढला, त्यावर काहीतरी लिहिलं आणि परत सरकवला. 'पडद्यावरची अक्षरं बारीक आहेत, असं तुला वाटतं का?' मी खाली उत्तर लिहिलं. तिने त्याखाली. मग काय, जेवायची हाक आली तेव्हा कागद संपत आले होते! प्रकाशवर लिहिताना तर रेश्माला इतकं हसू आलं, की मावशी परत बघायला आली आणि म्हणाली, "एक शबूद नाय, न् हसतान कशाला ह्या?"

संध्याकाळी ती मला स्टँडवर सोडायला आली. पूर्ण दिवसात आम्ही एकमेकींशी तोंडाने बोललो ते एवढंच. ती म्हणाली, "एसटी आली." मी म्हणाले, "हो."

दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, "काय, चर्चा कशी झाली?"

मी सांगितलं, "मनमोकळी."

*

अहवाल दादांपुढे मीच वाचावा, असं सर म्हणाले. दादा कारखान्यात मूर्तीचे डोळे आखत बसले होते. डोळे आखताना ते कोणाकडेही बघत नाहीत, म्हणून मला वाचता आलं. अक्षरं बारीक आहेत. गंभीर विषयाला कोणी येत नाही. पण अडलेल्या गणिताला, हरवलेल्या पुस्तकाला, रोह्याच्या गाडीच्या वेळेला प्रत्येक वेळी कोणी ना कोणी उत्तर दिलं आहे. तरी कट्टा चालू ठेवावा.

दादांनी दुसरा डोळा पुरा केला. ब्रश पाण्यात बुडवला.

"चांगला लिवलंस. तू सोता किती लिवलंस गो त्याच्यावर?"

"काही नाही."

"आणि ती रोह्याची?"

"तीही नाही."

"म्हंजे जिला सोताला कदी लिवावासा वाटला नाय, ती मला सांगते कट्टा चालू ठेव!" ते रागावले नव्हते, आणि तेच वाईट होतं. "आयतवारपर्यंत बघतो. मग तार काढतो."

मी तशीच माडीवर गेले. दुपारची वेळ, क्लासमध्ये कोणी नव्हतं. मी कॉम्प्युटरपुढे बसले आणि आयुष्यातली पहिली ओळ कट्ट्यावर लिहिली. आधी मनात तीनदा जुळवली, मग सावकाश टाइप केली. चांगलं लांब, नीट वाक्य होतं. शेवटचं बटण दाबलं आणि पडद्याकडे न बघता पळत घरी आले. इतकी लाज वाटली की पुढे क्लासला गेलेच नाही.

शुक्रवारी प्रकाश घरी आला. मी आत लपले. तो आईला म्हणाला, "काकू, तिला फक्त विचारा, पण काय?"

आई आत आली. "पण काय म्हणजे काय गो?"

मला वाटलं, चेष्टा करायला आलाय. मी सांगितलं, डोकं दुखतंय.

शनिवारी दोघी मुली आल्या. त्याही तेच विचारून गेल्या.

रविवारी मात्र राहवेना. तार निघताना आपण तिथे असावं असं वाटलं. माडीवर पाय ठेवायला जागा नव्हती. मी दारातूनच पडद्याकडे बघितलं. सरांच्या प्रोग्रामात एका वेळी किती अक्षरं मावतात, हे कोणाला कळायची वेळच आली नव्हती, कारण सगळे दोन-चार शब्दांत उरकत. माझं एवढं जुळवलेलं वाक्य मधेच कापलं गेलं होतं. पडद्यावर होतं ते एवढंच :

'मी इथे रोज येते आणि सगळ्यांचं सगळं वाचते. आजवर मी इथे एक शब्दही लिहिला नाही, पण'

त्याखाली शैला : 'पण काय?' त्याखाली प्रकाश : 'पण काय??' त्याखाली प्रकाशचे तिन्ही सभासद. मग रोह्याची सगळी मुलं, तिकडच्या शाखेवर शिकवणारे सर, शैलाची आई : 'पन काय गो?' पडदा भरून वर सरकत होता. तीन दिवस रोह्याचा फोन सारखा लागत होता आणि दादांचं एकही गिऱ्हाईक आत शिरू शकत नव्हतं.

जिना वाजला. दादा वर आले. कानावर ब्रश, हाताला रंग. कोणाशी न बोलता ते सरळ भिंतीपाशी गेले आणि त्यांनी तार हातात धरली.

त्याच वेळी पडद्यावर रोह्याहून नवीन अक्षरं यायला लागली. आधी नाव, जे कट्ट्यावर कधीच दिसलं नव्हतं : रेश्मा. मग एक अक्षर. थांबलं. मागे गेलं. परत आलं. सगळी माडी पुढे सरकून बघत होती, आणि दादाही तार धरून वाकून बघायला लागले. अक्षराला अक्षर लागत गेलं. 'पण काय?'

दादांनी पडदा वरपासून खालपर्यंत वाचला, ओठ हलवत, सावकाश. मग मागे वळून गर्दीत मला शोधलं.

"तार मागनं बघू," ते म्हणाले. "आधी सांग गो, पण काय?"