सोनावणे सरांचा उजवा कान

सोनावणे सरांच्या घरी पाहुणा आत आला की ते दाराला आतून कुलूप लावायचे आणि किल्ली शर्टाच्या खिशात टाकायचे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला हे माहीत नव्हतं. सदाशिव पेठेतल्या जुन्या इमारतीचा दुसरा मजला, अनोळखी माणूस आणि पाठीमागे कुलूप लागल्याचा आवाज. मी खांद्यावरची सॅक काढलीच नाही. ते त्यांच्या लक्षात आलं. "घाबरू नका, कुलूप तुमच्यासाठी नाही," असं म्हणून त्यांनी आतल्या खोलीकडे हात केला. तिथे पलंगाच्या कडेला त्यांच्या पत्नी, शोभाताई, मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या. शाळेत निघायला उशीर होतोय, असं त्यांना वाटत होतं. त्या गणित शिकवायच्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. स्मृतिभ्रंशाने त्यांची ती वर्षं पुसून टाकली होती. दार उघडं दिसलं की त्या निघत. एकदा लक्ष्मी रोडवर गर्दीत अनवाणी सापडल्या, तेव्हापासून हे कुलूप.

मी गेले होते डॅक घेऊन. फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये गाणं आकड्यांच्या रूपात असतं. त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करणारं यंत्र म्हणजे डॅक. प्रत्येक फोनमध्ये एक बारीकसा असतोच, पण हेडफोनवर ऐकणाऱ्या शौकिनांना तो पुरत नाही. त्यांचे डॅक जेवणाच्या डब्याएवढे असतात आणि त्यांची किंमत घरी खरी सांगायची नसते. हडपसरच्या कंपनीत नोकरी लागून थोडी स्थिरावल्यावर मीही असा एक घेतला होता. आमच्या शौकिनांच्या ग्रुपवर सोनावणे सर अशा यंत्रांची तुलना लिहीत आणि ती वाचल्याशिवाय सहसा कोणी खरेदी करत नसे. माझा डॅक त्यांना ऐकायचा होता. मला येता येणार नाही, तुम्हालाच यावं लागेल, एवढंच त्यांनी कळवलं होतं.

सरकारी लेखा विभागातून मुदतीआधी निवृत्ती घेतलेला हा माणूस यंत्रांचीही तपासणीच करायचा. बुद्धाच्या तसबिरीखाली एक लांबट टेबल, त्यावर त्यांचे दोन डॅक आणि तिसरा माझा. आधी मीटर लावून तिन्हींचा आवाज अगदी सारखा करायचा. "जो जरा मोठ्याने वाजतो तोच सगळ्यांना चांगला वाटतो," ते म्हणाले, "ऑफिसातही तसंच होतं." मग डबे टॉवेलखाली झाकले गेले आणि कुठला चालू आहे ते न सांगता ते मला ऐकवू लागले. मी उत्साहाने सांगायला लागले, हा उबदार आहे, तो मोकळा आहे. त्यांनी हात वर केला. "हे मत झालं. मत नंतर. आधी ऐकलंत काय ते सांगा." हे वाक्य पुढे मी त्यांच्या तोंडून इतकं ऐकलं, की ऑफिसच्या मीटिंगमध्येही मला ते आठवायचं.

मग त्यांची पाळी आली. त्यांनी हेडफोन चढवला, डावी बाजू कानावर नीट बसवली आणि उजवी कानामागे सरकवून दिली. मला वाटलं चुकून झालं असेल. पण ते तसेच, डोळे मिटून, पूर्ण ऐकत बसले. मी विचारलं तेव्हा अगदी सहज म्हणाले, "उजव्या कानाने मी घर ऐकतो." आत पलंग करकरला की ते उठत. नळ सुरू झाला की उठत. स्पीकर त्यांनी कधीच विकून टाकले होते, कारण खोलीत आवाज भरला की शोभाताई घाबरून रडायच्या. ज्यांच्या तुलनांवर लोक विश्वासाने खर्च करत होते, ते त्या एका कानाने लिहीत होते. कुठलं वाद्य कुठे ऐकू येतं, आवाज किती पसरतो, यावर ते कधी एक शब्दही लिहीत नसत, हे मला तेव्हा कुठे उमगलं.

मग मी बहुतेक शनिवारी जाऊ लागले. त्यांनी कामाची वाटणी केली: आवाजाचा पोत ते सांगणार, त्याचा पसारा मी सांगायचा. कामवाली बाई यायची तेवढ्या वेळात ते भाजी आणि औषधं आणत. त्यापलीकडे बाहेर जाणं नाही. मुलगी बंगळुरूला. तिला ते फोनवर "इकडे सगळं उत्तम" असं सांगत आणि फोन ठेवल्यावर मला म्हणत, "तिने काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. दोघंही खूश."

एकदा शहरातल्या एका हॉटेलात शौकिनांचा मेळावा ठरला. एक फार महागडा डॅक तिथे ऐकायला मिळणार होता आणि तुलना सोनावणे सरांनीच करावी, असा सगळ्यांचा आग्रह होता. त्यांनी नाही म्हटलं. मी म्हटलं, दुपारभर मी बसते ताईंजवळ. त्या दिवशी त्यांनी ताईंच्या औषधांच्या वेळा मला लिहून दिल्या. मग इस्त्रीचा शर्ट घालून, आपला जुना डॅक पिशवीत घालून निघाले. पाचपर्यंत येतो म्हणाले. निघताना सवयीने दाराला बाहेरून कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन गेले.

मला ते कळलं शोभाताई दार ठोठावायला लागल्या तेव्हा. त्यांना शाळेत जायचं होतं. मी समजावलं, त्यांना पटलं, त्या बसल्या आणि लगेच पुन्हा उठल्या. पुन्हा दार, पुन्हा तेच. मी चहा केला, तो त्यांनी शांतपणे बेसिनमध्ये ओतला. बाथरूममध्ये नेताना त्यांनी माझ्या मनगटात नखं रुतवली. पाच वाजून गेले, सरांचा फोन बंद. गॅलरीला गज होते. खाली लोक स्कूटर लावत होते, क्लासची मुलं भेळ खात होती आणि मला तिथे उडी मारून जावंसं वाटत होतं. शोभाताईंनी पुन्हा विचारलं तेव्हा मी त्यांच्यावर ओरडले. त्या पर्स छातीशी धरून भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

दिवेलागणीला सर आले. मी बोलायच्या आधीच ते खुर्चीत बसले.

"स्वारगेटला होतो," ते म्हणाले. "कोल्हापूरच्या गाडीत बसलो होतो."

मेळाव्यात त्यांनी हेडफोन दोन्ही कानांवर घेतला होता. नेहमीचंच, आम्ही प्रत्येक यंत्रावर लावत असू ते बैठकीतल्या यमनचं रेकॉर्डिंग. "उजवीकडे हार्मोनियम आहे त्यात," ते माझ्याकडे बघत म्हणाले. "तुम्ही कधी बोलला नाहीत."

"सर, ती सगळ्यांनाच ऐकू येते."

"हो. मला सोडून सगळ्यांना," ते म्हणाले. "ती ऐकली आणि मला घरी यावंसं वाटेना. फोन बंद केला. कोल्हापूरला माझं कोणी नाही. पहिली दिसली त्या गाडीत चढलो."

मी म्हटलं, पण उतरलात ना.

"तिच्यासाठी उतरलो असं समजू नका. कंडक्टरने कुठलं तिकीट विचारलं आणि मला गावाचं नावच सांगता येईना."

मला त्यांचा राग आला होता, पण तो धरून ठेवायला जमलं नाही. मनगटावरचे व्रण मी ओढणीखाली घेतले. मुलीला फोन करा म्हटलं, आणि 'उत्तम' म्हणू नका. त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. पलीकडून मुलगी सारखं "बाबा, बाबा" म्हणत होती. मग त्यांनी सगळं सांगितलं, स्वारगेटसुद्धा.

मुलगी दोन दिवसांत आली आणि दिवसभर थांबणारी एक बाई ठरवून गेली. सर संध्याकाळी फिरायला जाऊ लागले. तो महागडा डॅक काही दिवस मागून आणून त्याची तुलना त्यांनी घरी, दोन्ही कानांनी, पुन्हा केली आणि ग्रुपवर लिहिलं, "टॉवेलखाली झाकल्यावर तो मला माझ्या जुन्या डॅकपासून वेगळा ओळखता आला नाही. हार्मोनियम दोन्हींत आहे." त्यावर लोक हिरीरीने भांडले. याआधीच्या तुलना आपण कशा केल्या होत्या, हेही त्यांनी त्यात लपवलं नाही. काहींनी त्यांची चेष्टा केली.

पुढच्या वर्षी सर गेले. सकाळी चहा घेताना, हृदयविकाराने. शोभाताईंच्या आधी ते जातील असं कोणालाच वाटलं नव्हतं, त्यांना तर नाहीच. अंत्यविधीची बुद्धवंदना चालू असताना शोभाताई मुलीजवळ बसून मेणबत्त्यांकडे बघत होत्या.

आता त्या शहराबाहेरच्या एका शुश्रूषागृहात असतात. मागच्या महिन्यात मी भेटायला गेले. त्यांनी मला ओळखलं नाही, पण शेजारी बसवून घेतलं. खिडकीबाहेर बघता बघता एकदम म्हणाल्या, "आमच्याकडे एक माणूस होता. मला टाकून कधी कुठे गेला नाही हो."

मी म्हटलं, "हो ताई."

त्यांनी माझा हात हातात घेतला. "कंटाळत असेल गं बिचारा," त्या म्हणाल्या. "त्याला कोणी विचारायला हवं होतं."